सोमवारचा कागद

१

बुधवारी दुपारी दोन वाजता मल्लेचेरू पॉवरहाऊसमधली तिसरी काचपेटी रिकामी सापडली.

काच फुटलेली नव्हती. कुलूप लावलेलं होतं आणि त्याची किल्ली ऑफिसाबाहेरच्या फळीवर, नेहमीच्या खिळ्याला लटकत होती. पेटीत फक्त लेबल उरलं होतं : ‘लॉगबुक, जानेवारी ते जून १९५८. पाने तेलाने चिकटलेली.’

हैदराबादेत, कुकटपल्लीच्या पलीकडे, तलावाच्या कालव्यावर बांधलेलं हे छोटं वीजघर बारा वर्षं बंद होतं. आता तिथे म्युझियम होणार होतं आणि शनिवारी उद्घाटन होतं. चिकटलेली पानं सोडवायला गुरुवारी माणूस येणार होता. त्याच्या आदल्या दिवशीच वही गेली.

संशयिताचं नाव ठरायला वेळ लागला नाही. तातेराव सोनकांबळे, वय सहासष्ट, म्युझियमचे गाइड. १९५८ च्या मार्चमध्ये ते इथेच झडप-ऑपरेटर होते. टर्बाइनकडे पाणी नेणाऱ्या मोठ्या नळात दोघं सफाईला उतरलेले असताना त्यांनी झडप उघडली आणि एक जण मेला. फोनवरून हुकूम आला होता, असं तातेराव म्हणाले. कुणाचा, या प्रश्नावर त्यांचं एकच उत्तर होतं : “नाव वहीत लिहिलंय.”

चौकशीत ती वही सापडलीच नाही. तातेरावांची नोकरी गेली.

अडतीस वर्षांनी एका कपाटामागे वही निघाली, आणि पानं सुटायच्या आत नाहीशी झाली. वहीत नाव नव्हतंच, म्हणून म्हाताऱ्याने ती लपवली, असं कमिटीने ठरवलं. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत वही परत आली नाही, तर पोलिसांत तक्रार जाणार होती.

नळात मेलेल्या माणसाचं नाव किसन. तो तातेरावांच्या बायकोचा, पार्वतीबाईंचा, धाकटा भाऊ होता.

२

“तुम्ही एकदा बघा, ताई,” तातेरावांची मुलगी दीपमाला म्हणाली.

रंजना साठ्ये गेल्या वर्षी मीटर तपासणीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्या होत्या. दीपमाला तिथे नऊ वर्षं त्यांची सहायक होती. बुधवारी ती ऑफिसातून परस्पर त्यांच्याकडे आली होती, आणि समोरचा चहा तसाच होता.

“बाबा काय म्हणतात?”

“काहीच नाही. काचपेट्यांच्या हॉलमध्ये डबा खात होते. एवढ्यात घंटा वाजली. वरच्या हौदाचं पाणी उतरलं की हॉलमध्ये घंटा वाजते. ते पायऱ्या चढून वर गेले, तर हौद रिकामा करायचा व्हॉल्व्ह कुणीतरी उघडून ठेवला होता. बंद करून खाली आले. तेवढ्यात वही गेली असणार.”

“मग?”

“कमिटीने विचारलं, अकरा वाजता डबा खाता का? सगळे हसले. तेव्हापासून गप्प आहेत. म्हणतात, यांचं ठरलंय, आता कशाला बोलू.”

“अकरा कुठून आलं?”

“तिथे एक जुनं यंत्र आहे. हौदाचं पाणी कागदावर नोंदतं. त्यात पाणी उतरलेलं दिसतं ते अकराला. आणि अकराला सगळे शेजारच्या ऑफिसात मीटिंगला होते. कुणालाच घंटा ऐकू आली नाही. म्हणून म्हणतात, व्हॉल्व्ह बाबांनीच उघडला आणि घंटेची गोष्ट रचली.” तिने पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. “मायनं अडतीस वर्षांत बाबांना एकदाही विचारलं नाही, की खरं काय झालं. वही मिळाली तेव्हा पहिल्यांदा म्हणाली, आता कळंल.”

रंजनाताईंनी चहा उचलून पुन्हा गरम करायला ठेवला.

“मीटर खोटं बोलत नाही,” त्या म्हणाल्या. “पण त्याचं शून्य कुणी लावलं, ते विचारायचं असतं. उद्या रजा टाक.”

३

यंत्र साधं होतं. हौदात तरंगणारा एक डबा, त्याला बांधलेली तार, तारेच्या टोकाला पेन. पेनासमोर घड्याळाच्या चावीवर आठवड्यात एक फेरी घेणारा ढोल आणि ढोलावर गुंडाळलेला छापील कागद. कागदाची पहिली रेघ सोमवार, सकाळी सहाची. एका तासाला दोन मिलिमीटर.

रंजनाताईंनी भिंग लावलं. बुधवारची खाच अकराच्या रेघेवर होती. पाव तासाचा फरक इतक्या बारीक कागदावर कळला नसता. पण अकराची खाच जेवणाच्या वेळेची, एकची, होणार नाही.

“क्या तो भी देखरे आप?” मागून आवाज आला. म्युझियमच्या क्युरेटर सत्यवती. वीस वर्षं हैदराबादेत राहिलेल्या या तेलुगू बाईंना मराठी समजायची आणि मोडकीतोडकी बोलताही यायची. “आम्ही सगळे पाहिला, मॅडम. अकराच आहे.”

“पहिलं कुणी पाहिलं?”

“दिलीपबाबूने. मग मी. चेअरमनसाहेब ऑफिसमध्येच बसले, त्यांचे गुडघे दुखतात. आम्ही येऊन त्यांना सांगितलं.”

“मीटिंग संपल्यावर तुम्ही कुठे होतात?”

सत्यवतीबाईंना राग आला नाही. “बाराला निघाले. अफझलगंजला, लायब्ररीत. जुन्या नकाशाची कॉपी पाहिजे होती. तिथे रजिस्टरात साइन आहे. दोनला वापस आले, तर पेटी खाली.” त्या थांबल्या. “तातेरावला मीच शोधून आणला होता, मॅडम. मोटार वाइंडिंगच्या दुकानातून. ही मशीन चालवणारा दुसरा कोणी जिंदा नाही. मला पण बरं वाटत नाही.”

दिलीप कर्वे पोर्चमध्ये बॅनर लावून घेत होते. उद्घाटनाचा खर्च त्यांची कंपनी करत होती, आणि म्युझियम बारगळलं तर ही जागा सॉफ्टवेअर पार्कसाठी मागायला तीच कंपनी पहिली उभी राहणार होती. ही गोष्ट ते लपवत नसत.

“माझ्यावर संशय घ्यायचा तर घ्या, काकू. मोटिव्ह उत्तम आहे,” ते म्हणाले. “पण एक वही गेल्याने म्युझियम थांबत नाही हो. उलट पेपरात नाव येईल.”

“बुधवारी मीटिंगनंतर?”

“दिलसुखनगरला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. पेंटरने बॅनरवर ‘विद्युत’चं भलतंच काहीतरी केलं होतं. तिथून एसटीडी बूथवरून पुण्याला फोन लावला.” त्यांनी पाकिटातून छापील चिठ्ठी काढली. बुधवार, बारा अठ्ठावन्न. “पण याचा उपयोग काय? चोरी अकराला झाली. अकराला तर आम्ही सगळे एकमेकांसमोर बसून बिस्किटं खात होतो.”

रंजनाताई मान हलवून आत आल्या. दीपमालाला त्यांनी हळू आवाजात सांगितलं, “वर जा. बरोबर दहाला व्हॉल्व्ह थोडा उघड आणि पाच मिनिटांनी बंद कर. बाराला पुन्हा तसंच. घंटेच्या खुणेपर्यंत पाणी उतरू द्यायचं नाही. आणि कुणाला बोलायचं नाही.”

दहा वाजले. पेन किंचित खाली गेलं आणि वर आलं. बारा वाजता पुन्हा तसंच.

रंजनाताईंनी भिंग लावून पाहिलं, मनगटावरचं घड्याळ पाहिलं, आणि पुन्हा भिंग लावलं. पहिली खाच आठच्या रेघेवर होती. दुसरी दहाच्या.

४

“घड्याळ मागे पडतंय?” बसमध्ये दीपमालाने विचारलं.

“मागे पडणाऱ्या घड्याळाचा फरक कितीही भरला असता. हा दोन्ही वेळा नेमका दोन तासांचा आहे. घड्याळ ठीक चालतंय. ते सुरूच दोन तास मागे केलं आहे.”

कुकटपल्लीच्या हाउसिंग बोर्डाच्या दोन खोल्यांत तातेराव खिडकीपाशी बसले होते. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली खुर्चीवर इस्त्री केलेला म्युझियमचा निळा शर्ट. पार्वतीबाई जमिनीवर बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“तातेराव, पाण्याच्या यंत्राचा कागद कधी बदलता?”

या प्रश्नाची त्यांनी अपेक्षा केली नव्हती. “सोमवारी. आठ वाजता.”

“छापलेलं तर सहा आहे.”

“असंल. ड्यूटी आठला बदलायची ना, बाई. नवा माणूस आला की पैल्या रेघेवर पेन ठेवायचं अन् चावी द्यायची. वाचताना दोन मिळवायचे. आमच्या टायमाला सगळ्यांला ठावं होतं.” ते थोडे थांबले. “म्युझियमात पण तसंच लावतो मी. हाताला तीच सवय.”

“हे कमिटीला का नाही सांगितलंत?”

“त्यांनी कागद दाखवला कुठं? हॉलमध्ये पाऊल ठेवू देईनात. अकराला जेवतो का म्हणून हसले. मला वाटलं, टिंगल करायलेत. मी एकला जेवत होतो.”

म्हणजे खाच एकची होती. एकला ऑफिस रिकामं होतं, म्हणून घंटा कुणाला ऐकू आली नाही. सत्यवतीबाई तेव्हा अफझलगंजला होत्या आणि दिलीप दिलसुखनगरला फोनवर.

“ताई, मग राहिलं कोण?” दीपमाला म्हणाली.

पिशवीतून आपल्या टिपणवहीचं एक पान काढून रंजनाताईंनी त्यावर पुन्हा नजर टाकली. पॉवरहाऊसच्या भिंतीवर फ्रेम केलेल्या सूचनांतली एक त्यांनी निघता निघता उतरवून घेतली होती. जानेवारी १९५९ : ‘पातळीचा कागद यापुढे छापील वेळेप्रमाणे सकाळी सहालाच लावावा. दोन तास मिळवण्याची पद्धत बंद.’

“तातेराव, फोन करणाऱ्याचा चेहरा तुम्ही पाहिला होता?”

“नाही. फोन तलावाच्या केबिनमधून आला, मैलभर लांबून. मी म्हणलं, आत दोन माणसं आहेत. तिकडून म्हणला, बाहेर आलेत, खोल. मी नाव विचारलं. रूलच होता, नाव लिहिल्याबिगर झडप खोलायची नाही. लिहिलं.” त्यांनी दोन्ही तळवे मांडीवर उलटे ठेवले. “मंग किसनला बाहेर काढलं. त्याच्यानंतर डोक्यात नाव राहिलंच नाही, बाई. एकदाच ऐकलेलं. आता तर कधी कधी वाटतं, मी लिहिलं होतं का?”

पार्वतीबाईंचे हात थांबले होते. मग लसणाची पुढची पाकळी त्यांनी उचलली.

५

शुक्रवारी तीन वाजता चेअरमन भगवंतराव विंचूरकर हॉलमध्ये आले. निवृत्त चीफ इंजिनीअर, साठीचे, शांत बोलणारे. हॉलला त्यांचंच नाव दिलं जाणार होतं. स्मरणिकेत त्यांचा परिचय छापून आला होता : ‘१९६१ साली मल्लेचेरू येथे रुजू.’ गुरुवारी दिवसभर ते सचिवालयात होते, पाहुण्यांच्या यादीसाठी.

तासाभरापूर्वी रंजनाताईंनी गुरुवारची दुसरी खाच दिलीपना दाखवली होती. “दहा,” ते म्हणाले होते. सत्यवतीबाईही म्हणाल्या होत्या, “दस.” दोघांनीही छापलेलं वाचलं होतं.

“बरं झालं आलात,” रंजनाताई म्हणाल्या. “उद्या पाहुण्यांसमोर हे यंत्र चालवायचं आहे. पेन अडकतंय का, जरा बघता? गुरुवारी इथे खाच पडली आहे.”

गुडघ्यावर हात टेकत भगवंतराव वाकले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ढोल बोटाने अलगद फिरवला. हे काम त्यांना आवडत होतं, ते दिसतच होतं.

“पेन ठीक आहे. अडकलं असतं तर रेघ सपाट आली असती. ही काठाला गोल आहे. पाणीच सोडलंय कुणीतरी, थोडंसं. काल बाराला.”

रंजनाताईंनी भिंग पेटीवर ठेवलं.

“छापलंय दहा,” रंजनाताई म्हणाल्या.

ते सरळ झाले. चष्मा खाली आला. “हो. दहा. चुकून म्हणालो.”

“चुकला नाहीत. व्हॉल्व्ह मी बरोबर बाराला उघडायला लावला होता. तिघांना विचारलं, बरोबर एकट्या तुम्हीच वाचलंत.”

भगवंतरावांनी ढोलावरचं बोट काढून घेतलं.

“एकसष्टला जो रुजू झाला, त्याने दहा वाचलं असतं. तेव्हा कागद सहाला लागायचा. दोन मिळवायची सवय अठ्ठावन्नपर्यंत इथे काम केलेल्यांचीच. म्हणून तातेराव अजून आठला लावतात, आणि म्हणून तुम्ही न विचारता दोन मिळवलेत.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “बुधवारी तुम्ही कागद पाहिला नाहीत. दिलीपनी अकरा सांगितलं, तेव्हा तुम्हाला ते चूक आहे हे ठाऊक होतं, कारण व्हॉल्व्ह तुम्हीच उघडला होता. गाडी वरच्या रस्त्याने हौदापर्यंत जाते. घंटा वाजायला पंधरा मिनिटं लागतात, तेवढ्यात खाली यायचं. अकरा का दिसतंय ते तुम्हाला कळलं नसेल. पण ते सोयीचं होतं.”

“एक वाजता मी गाडीत झोपलो होतो.”

“तुम्हाला एकचं कुणी विचारलं? मी एक म्हटलंच नाही. कमिटीच्या लेखी चोरी अकराची आहे.”

भगवंतरावांनी यंत्राच्या लाकडी पेटीवर हात ठेवला.

“ट्रेनी होतो,” ते म्हणाले. “बावीस वर्षांचा. रजिस्टरात नाव चढायचं होतं. तलावाच्या केबिनमध्ये दिवसभर चार्ट बदलायचे आणि वाचायचे, दुसरं काम नाही. त्या दिवशी तलावाचं पाणी चढत होतं. सफाई साडेअकराला संपणार, असं कुणीतरी म्हणालं होतं. मला वाटलं, संपली.”

“तुम्ही त्यांना सांगितलंत, बाहेर आलेत.”

“हो.” ते खाली बसले. “आठ दिवसांत वडिलांनी मला रुडकीला पाठवलं. वही कुणी सरकवली, ते मी कधी विचारलं नाही. शनिवारी हॉलवर माझं नाव लागणार, आणि गुरुवारी पान सुटणार. दोन्ही एकदम सहन झालं नाही मला.”

“वही आहे, की जाळलीत?”

त्यांनी वर पाहिलं. पहिल्यांदाच त्यांना राग आलेला दिसला.

“लॉगबुक जाळतात का, बाई? गाडीच्या डिकीत आहे.”

६

साडेचारला सगळे ऑफिसात जमले. पानं सोडवायला आलेला माणूस गुरुवारी रिकाम्या हातीच परत गेला होता, म्हणून बांबूची पातळ पट्टी आणि टीपकागद घेऊन सत्यवतीबाईच बसल्या. दिलीप विनोद करायचे विसरून दाराशी उभे होते. तातेराव निळा शर्ट घालून आले होते. त्यांच्यामागे, भिंतीला लागून, पार्वतीबाई बसल्या. त्या या इमारतीत अडतीस वर्षांनी आल्या होत्या.

पान सुटलं. आकड्यांचे रकाने इंग्रजीत होते, पण शेवटच्या मोठ्या रकान्यातल्या ओळी उर्दूत. निजामाच्या काळात नांदेडला उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाचं नीट, किंचित तिरकं अक्षर.

तातेरावांनी चष्म्यासाठी खिशात हात घातला.

“तुम्ही नको,” रंजनाताई म्हणाल्या. “तुम्ही वाचलंत, तर उद्या कुणी म्हणेल, मनाने वाचलं.” त्या वळल्या. “भगवंतराव, तुमची शाळा उर्दूतच झाली ना?”

ते उठून टेबलाशी आले. वही त्यांनी हातात घेतली नाही, फक्त वाकून वाचली. आधी उर्दूत, मग पार्वतीबाईंकडे न पाहता मराठीत.

“अकरा चाळीस. तलाव केबिनमधून फोन. झडप खोलायचा हुकूम. मी सांगितलं, नळात दोन माणसं आहेत, किसन आणि मल्लय्या. जवाब आला, बाहेर निघाले, खोल. मी दुसऱ्यांदा विचारलं. जवाब तोच. हुकूम देणाऱ्याचं नाव...” त्यांचा आवाज तिथे थांबला. मग त्यांनी तेही वाचलं. “भगवंत, ट्रेनी.”

तातेराव टेबलावरच्या पानाकडे पाहत होते.

“लिहिलं होतं,” ते स्वतःशीच म्हणाले.

पार्वतीबाई उठल्या. टेबलाशी येऊन त्यांनी पानावर बोट ठेवलं नाही, जरा वर धरलं.

“किसनचं नाव कुठं हाय यात?”

तातेरावांनी दाखवलं.

“अन् दुसऱ्यांदा विचारलं, ते?”

त्यांनी पुढची ओळ दाखवली. वाचता न येणाऱ्या त्या बाईने दोन्ही ओळी सावकाश, डावीकडून उजवीकडे पाहिल्या. मग उर्दू उलट वाचतात हे आठवून पुन्हा उजवीकडून.

“मी कधी विचारलं नाही तुम्हाला,” त्या म्हणाल्या.

“हौ.”

“भ्या वाटायचं. तुम्ही म्हणला असता, सांगायला विसरलो, तर मी काय केलं असतं?”

भगवंतराव खुर्चीवर परत गेले नाहीत. सत्यवतीबाईंनी पुढे केलेल्या कोऱ्या कागदावर त्यांनी उभ्यानेच लिहायला घेतलं, वर तारीख आणि वेळ घालून, जशी लॉगमध्ये घालतात तशी.

पाच वाजले. पोलिसांत कुणी गेलं नाही. शनिवारचा समारंभ कमिटीने आठवडाभर पुढे ढकलला आणि हॉलच्या नावाची पाटी दिलीपनी स्वतः उतरवून गाडीत टाकली.

सोमवारी सकाळी तातेराव लवकर आले. सत्यवतीबाई नवा कागद घेऊन यंत्रापाशी उभ्या होत्या.

“सहा तर होऊन गेले, तातेराव. आता लावायचा कसा? छापल्यासारखा, की तुमच्यासारखा?”

तातेरावांनी ढोल उचलला, जुना कागद सोडवला आणि नवा गुंडाळला. मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, ढोल दोन तास पुढे फिरवला, आणि पेन आठच्या रेघेवर टेकवलं.

“छापल्यासारखा,” ते म्हणाले. “आता कोणी दोन मिळवायला नको.”

हॉलमधलं घड्याळ आठ वाजल्याचे ठोके देत होतं. त्यांनी चावी दिली.